पाणी गेलं कुठे? नीरा कालवा आणि ‘परिणाम’ शोधण्याची पद्धत

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द हमखास येतो. ‘धरणांचा पर्यावरणावरील परिणाम’, ‘सिंचनाचा जमिनीवरील परिणाम’, ‘ऊसशेतीचे परिणाम’. शीर्षक वाचायला बरं वाटतं. पण मुलाखतीत समोरचे विचारतात: कोणाच्या कुठल्या कृतीचा परिणाम? कुठल्या जमिनीवर? किती वर्षांनी? आणि हे तुम्हाला कशावरून कळणार? तिथे बऱ्याच जणांची गाडी अडते.

म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ या. उदाहरण आपल्याच भागातलं आहे: नीरा डावा कालवा. पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाणारा, साधारण शंभर मैलांचा कालवा. त्याच्या काठावर ऊस आला, पैसा आला, आणि काही जमिनी पांढऱ्या पडल्या. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इतिहास लिहिणाऱ्याचं काम त्यांचा एकमेकींशी संबंध लावण्याचं आहे.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. सिंचनाच्या इतिहासात आपण विचारतो, पाणी आलं कुठून, किती आलं, कोणाला मिळालं. पाणी गेलं कुठे, हा प्रश्न राहून जातो. आणि जमिनीचं भलं झालं की वाटोळं झालं, याचं उत्तर बऱ्याचदा या दुसऱ्या प्रश्नात असतं.

कालव्याआधीची ‘उत्तम’ जमीन

गोष्ट कालव्यापासून सुरू केली तर अर्धी निसटते. थोडं मागे जाऊ.

१८३०च्या दशकात इंग्रज सरकारची दख्खनमधली महसूल व्यवस्था पार कोलमडली होती. प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेला आकार शेतकऱ्यांना झेपत नव्हता, लोक जमिनी टाकून जात होते. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी सुरू केली. ही नवी पद्धत पहिल्यांदा कुठे लागू झाली? इंदापूर तालुक्यात, १८३६च्या सुमारास. पुढे हीच ‘मुंबई पद्धत’ म्हणून सगळ्या इलाख्यात गेली.

या पद्धतीत जमिनीची प्रतवारी आण्यांत लावायची. सोळा आणे म्हणजे उत्तम, तिथून खाली दोन आण्यांपर्यंत. निकष मुख्यतः मातीचा पोत, रंग आणि खोली. खोल काळी माती वरच्या प्रतीची, मुरमाड उथळ माती खालच्या प्रतीची. यात काही चूक नव्हती. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा भाग, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. अशा ठिकाणी परतीच्या पावसाची ओल जी माती धरून ठेवते तीच रब्बीची ज्वारी पिकवते. खोल काळी माती ओल धरते, म्हणून ती सोळा आणे. माळावरच्या मुरमाड जमिनीतून पाणी झिरपून जातं, म्हणून ती हलकी.

या ‘ओल धरण्या’कडे लक्ष ठेवा. पन्नास वर्षांनी हाच गुण दोष ठरणार आहे.

दुष्काळासाठी कालवा, आणि उसासाठी पाणी

१८७६ ते १८७८ या काळातल्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये अतोनात माणसं आणि गुरं मेली. त्यानंतर दुष्काळापासून संरक्षण म्हणून कालवे बांधण्याला जोर आला. नीरा डावा कालवा त्यातलाच. पुरंदर तालुक्यात वीर इथे बंधारा घालून नीरेचं पाणी वळवलं, आणि १८८५च्या सुमारास कालवा वाहू लागला. उन्हाळ्यातही पाणी मिळावं म्हणून वर भोर संस्थानात, वेळवंडी नदीवर भाटघर इथे धरण झालं. त्या जागी पुढे आणखी मोठं लॉइड धरण आलं, तेच आजचं भाटघर. ते १९२८ साली पूर्ण झालं.

कागदावर हेतू स्वच्छ होता: पाऊस हुकला तर ज्वारी-बाजरीला पाणी. पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून बघा. ज्या वर्षी पाऊस बरा आहे, त्या वर्षी ज्वारीला कालव्याचं पाणी कशाला घ्यायचं आणि पट्टी कशाला भरायची? ज्या वर्षी पाऊस नाही, त्या वर्षी मात्र सगळ्यांनाच एकदम पाणी हवं. म्हणजे कालव्याला गिऱ्हाईक कधी फार, कधी अजिबात नाही. सुरुवातीच्या वर्षांत नेमकं हेच झालं. पाणी होतं, मागणी नव्हती. बारामती भागातल्या उसाच्या अर्थकारणावर डोनाल्ड अ‍ॅटवूड या मानववंशशास्त्रज्ञाने ‘रेझिंग केन’ हे पुस्तक १९९२ मध्ये लिहिलं, त्यात हा मुद्दा नीट मांडलेला आहे. आराखडा लिहिण्याआधी ते वाचाच.

सरकारच्या हिशोबात सिंचनाची कामं दोन खात्यांत पडायची: ‘उत्पादक’, म्हणजे भांडवलावर व्याज सुटेल अशी, आणि ‘संरक्षक’, म्हणजे दुष्काळ टाळायला केलेली. दख्खनचे कालवे दुसऱ्या प्रकारातले. व्याज सुटत नाही म्हणून त्यांच्यावर सतत टीका होत असे. मग पट्टी वाढवायची कशी? जे पीक बारा महिने पाणी घेईल आणि एकरी जास्त पट्टी भरेल, ते वाढवून. ते पीक म्हणजे ऊस. अडसाली ऊस तर दीड वर्षं रानात उभा असतो.

इथे शेतकऱ्याला फशी पडलेला किंवा हावरा ठरवण्याची घाई करू नका. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ ज्यांनी सोसले, त्यांना हमखास पाण्यावर येणारं नगदी पीक म्हणजे जगण्याची शाश्वती होती. सासवडच्या माळी बागाईतदारांनी ऊसशेतीचं कसब कालव्याकाठी आणलं, आणि पुढे गोदावरी, प्रवरा या नव्या कालव्यांपर्यंत नेलं. ही माणसं हिशोबी आणि कष्टाळू होती. सरकारला पट्टी हवी होती, शेतकऱ्याला खात्रीचं उत्पन्न हवं होतं, आणि दोघांचं उत्तर उसात जुळलं. दुष्काळासाठी काढलेला कालवा असा उसाचा कालवा झाला.

जमिनीखाली काय झालं

आता थोडं शास्त्र. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा भाग ओलांडून पुढे जाऊ नये. पर्यावरणाच्या इतिहासात मातीचं वागणं समजलं नाही तर कागदपत्रंही समजत नाहीत.

कालवा कच्चा, म्हणजे मातीचा. त्यातून सतत पाझर. वर उसाच्या सऱ्या पाण्याने भरलेल्या. हे पाणी पीक सगळं पीत नाही. उरलेलं खाली मुरतं आणि भूजलाची पातळी वर चढते. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, तिची छिद्रं मिटतात, पाणी आडवं सरकत नाही. जिथे ओढ्याकाठी खोल काळी जमीन आहे, तिथे वरच्या रानाचं पाणी येऊन साचतं. पातळी जमिनीपासून दोनेक मीटरच्या आत आली की पुढचा खेळ सुरू होतो. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं, उन्हाने उडून जातं, आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात.

हे क्षार येतात कुठून? काही मातीतच असतात. बेसाल्ट खडक झिजताना ते सुटतात, आणि कमी पावसाच्या प्रदेशात वाहून जात नाहीत. काही कालव्याच्या पाण्यातून येतात. गोड पाण्यातही क्षार असतात हे विसरू नका. एक हिशोब करून बघू. हे मोजलेले आकडे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा पाण्यात लिटरमागे फक्त १५० मिलिग्रॅम क्षार आहेत, म्हणजे चवीला अगदी गोड पाणी. उसाला वर्षभरात दोन मीटर खोलीइतकं पाणी दिलं, तर हेक्टरी झालं २०,००० घनमीटर. त्यातून आलेले क्षार ३,००० किलो. दर हेक्टरी, दर वर्षी तीन टन! निचरा असेल तर यातले बरेच क्षार ओढ्याने नदीला जातात. निचरा नसेल तर ते रानातच साठतात. दहा वर्षांचा हिशोब तुम्हीच करा.

पुढची पायरी आणखी वाईट. क्षारांमध्ये सोडियम जास्त झालं की ते मातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेतं. कॅल्शियम कणांना एकत्र धरून ठेवतं, सोडियम त्यांना सुटं करतं. मग माती ओली असताना चिखल, वाळली की दगड. पावसाचं पाणीसुद्धा मुरत नाही, वर गढूळ डबकं करून राहतं. या जमिनीला शेतकरी ‘चोपण’ म्हणतात. वर पांढरा थर येतो ती खारवट जमीन वेगळी, आणि चोपण वेगळी. कागदपत्रं वाचताना आणि गावात बोलताना हा फरक लक्षात ठेवा. खारवट जमीन निचरा करून भरपूर पाण्याने धुता येते. चोपणीला आधी जिप्सम घालून सोडियम हटवावं लागतं, आणि मग धुवावं लागतं. दोन्हींत पाणी बाहेर जायला वाट लागतेच.

आता इंदापूरची सोळा आण्यांची जमीन आठवा. खोल, काळी, ओल धरणारी. कालवा आल्यावर तीच सगळ्यात आधी पाणथळ होण्याच्या धोक्यात आली. आणि माळावरची दुय्यम, मध्यम खोलीची, मुरमावरची जमीन बारमाही पाण्याला उत्तम ठरली, कारण तिच्यातून पाणी निघून जातं. माती तीच राहिली होती, पाण्याचं येणं-जाणं बदललं होतं. म्हणून ‘सुपीक जमीन’ असा शब्द लिहाल तेव्हा लगेच पुढे विचारा: कुठल्या पाण्यावर? कुठल्या पिकाला?

‘तेव्हा माहीत नव्हतं’ हे उत्तर का चालत नाही

पर्यावरणाच्या हानीबद्दल एक सोपं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं: त्या काळी लोकांना कल्पना नव्हती. असं वाक्य लिहिण्याआधी तारखा लावून बघायच्या. नीरेच्या बाबतीत त्या अशा लागतात.

उत्तरेत पश्चिम यमुना कालव्याच्या काठी, कर्नाल भागात, तापाने एवढा कहर केला की १८४०च्या दशकात तिथली लष्करी छावणी सोडावी लागली. चौकशीसाठी समिती नेमली. त्यात बेकर आणि यूल हे अभियंते होते, आणि डेम्पस्टर हे डॉक्टर. डेम्पस्टरने गावोगाव लोकांची प्लीहा तपासली, कारण हिवतापाने ती वाढते. डास हिवताप पसरवतात हे रोनाल्ड रॉसने दाखवलं ते १८९७ मध्ये. म्हणजे डासाची भूमिका कळण्याच्या पन्नास वर्षं आधी, १८४७च्या अहवालात या लोकांनी कालवा, तुंबलेला निचरा आणि आजार यांचा संबंध लावला होता. उत्तरेत ज्याला ‘रेह’ म्हणतात त्या पांढऱ्या क्षारांची चौकशी करायला १८७०च्या दशकात आणखी एक समिती बसली. म्हणजे नीरा कालव्यात पाणी सुटण्याआधीच सरकारच्या दप्तरात हे ज्ञान होतं.

दख्खनमध्येही डोळे मिटलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता होते. ऊस मोजक्याच गावांत एकवटतो, तिथे पाणी साचतं, आजार होतात, हे त्यांनी पाहिलं. त्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. बारमाही पाणी अनेक गावांत पसरवायचं, निवडक जमिनींचे ब्लॉक करायचे, त्यात साधारण एक-तृतीयांश ऊस आणि बाकी कमी पाण्याची पिकं फिरवायची. १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या संशोधनासाठी वेगळा विभाग सुरू केला. क्लॉड इंग्लिस यांनी त्यात प्रदीर्घ काम केलं. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्या विभागातूनच वाढली. १९३२ मध्ये नीरेच्या कालव्यावर पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आलं. तिथल्या बसू आणि सिरूर यांनी १९३८ मध्ये दख्खन कालव्यांखालच्या मातींचं वर्गीकरण छापलं. आता प्रतवारी नुसत्या रंगावर आणि खोलीवर नव्हती, मातीच्या थरांवर होती. विंगेटच्या आण्यांपासून इथपर्यंत यायला शंभर वर्षं लागली.

तारखा अशा ओळीने मांडल्या की प्रश्न बदलतो. ‘त्यांना का कळलं नाही?’ याऐवजी ‘कळूनही काय आड आलं?’ हा प्रश्न उरतो. आणि संशोधनासाठी तो कितीतरी चांगला आहे.

आड काय आलं?

माझ्या वाचनातून तीन कारणं पुढे येतात. पटली नाहीत तर खोडून काढा.

पहिलं कारण हिशोबाचं. पाणी आणून दिलं की पट्टी मिळते. पाणी घालवायला चर खणला तर पट्टी कोण देणार? चराला सतत खर्च आहे: गाळ काढा, झुडपं काढा, कडा ढासळल्या की दुरुस्त करा. उत्पन्नाच्या रकान्यात मात्र त्याच्या नावावर काही नाही. ज्या कालव्यावर आधीच ‘व्याज सुटत नाही’ असा ठपका, तिथे हा खर्च मागे पडणं नवल नाही.

दुसरं कारण हद्दींचं. पाटाचं पाणी शेतापर्यंत येतं, तिथे बांधाच्या आत कोण काय करतो हे मालकावर. निचऱ्याचा चर असा एका शेतात संपत नाही. तो दहा जणांच्या रानातून ओढ्यापर्यंत जावा लागतो. मधल्या एकाने जागा दिली नाही की वरच्या नऊ जणांचं पाणी अडतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. जास्त पाणी देणारा आणि नुकसान सोसणारा हे पुष्कळदा एक नसतात. वरच्या रानात पाणी जास्त झालं तर मीठ खालच्या रानात फुटतं. वरच्याला त्याची झळ नाही, उलट कमी पाणी घेतलं तर त्याच्या उसाचं वजन घटण्याची भीती. आणि खालच्याने तक्रार करायची कोणाविरुद्ध? पाणी जमिनीखालून येतं, त्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. कालव्याचा पाझर किती, शेजाऱ्याचं पाणी किती, पावसाचं किती, हे तो सिद्ध कसं करणार?

तुलनेसाठी धुळे-नाशिक भागातली फड पद्धत बघा. पांझरा, मोसम अशा नद्यांवर छोटे बंधारे, त्यांतून पाट, आणि खाली फड, म्हणजे शेतांचे मोठे तुकडे. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस दर वर्षी वेगळ्या फडात फिरवायचा. पाणी वाटायला गावाने नेमलेली माणसं. आणि जादा पाण्याला सांडवे, म्हणजे उरलेलं पाणी परत नदी-नाल्यात जायची वाट मूळ रचनेतच होती. फड पद्धतीला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. तिचा पसारा लहान होता, आणि गावातली उच्चनीचता तिथेही होतीच. पण एक फरक ठळक आहे. तिथे पाणी किती घ्यायचं आणि उरलेलं कुठे सोडायचं, हे ठरवणारे बरेचसे तेच लोक होते. नीरेवर पाणी देणारं खातं, घेणारा शेतकरी आणि सोसणारा शेजारी असे तीन पक्ष वेगळे पडले.

पुरावा कुठे शोधायचा

आता तुमच्या कामाचा भाग. नीरेसारखा विषय घेतलात तर एकाच खात्याच्या कागदांवर विसंबू नका. पाटबंधारे खात्याच्या वार्षिक अहवालांत एकर, पट्टी आणि पाण्याचे आकडे मुबलक आहेत. त्यावरून चित्र भरभराटीचं दिसतं. बिघडलेल्या जमिनींचा तपशील कृषी खात्याच्या पुस्तिकांत असतो. सुटीचे आणि आकार कमी करण्याचे अर्ज महसुलाकडे जातात. तापाच्या नोंदी आरोग्य खात्याकडे. एकाच गावाची ही चार खाती शेजारी ठेवून वाचा. ज्या वर्षी एका खात्यात ‘ऊस वाढला’ असं आहे, त्या वर्षी दुसऱ्यात काय आहे ते बघा.

दुसरं, रकान्यांकडे संशयाने पाहा. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असतो, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र. पण ते क्षेत्र मुळातच खडकाळ होतं, की पूर्वी पिकत होतं आणि नंतर खराब झालं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ‘पड’ लिहिलेल्या जमिनीचंही तेच. रकान्यात आकडा आहे, त्यामागचा इतिहास नाही. तो जुन्या प्रतवारीशी आताची स्थिती ताडून बाहेर काढावा लागतो. इंदापूरसारख्या तालुक्यात १८३६पासूनच्या मोजणीचा आधार मिळतो, हे आपलं भाग्य समजा.

तिसरं, उलट शक्यता आधी स्वतःच तपासा. कोणी म्हणेल, दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात खारवट आणि चोपण जमिनी कालव्याआधीही होत्याच. खरं आहे. मग कालव्याचा वाटा वेगळा कसा काढायचा? एकाच पावसाच्या पट्ट्यातली, सारख्या मातीची दोन गावं घ्या, एक लाभक्षेत्रातलं आणि एक बाहेरचं. एकाच गावात कालव्याच्या वरची आणि खालची जमीन घ्या. कालव्याआधीचं आणि नंतरचं असं काळाचं अंतर घ्या. तिन्ही तुलना एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तुमचं म्हणणं उभं राहतं. एकच तुलना असेल तर ‘परिणाम’ लिहू नका, ‘सोबत आढळलं’ असं लिहा.

चौथं, सरासरीपासून सावध. उत्तर भारताच्या कालव्यांवर एलिझाबेथ व्हिटकोंब यांनी १९७२ मध्ये हानीची बाजू ठासून मांडली. १९८४ मध्ये इयन स्टोन यांनी कालव्यांचे फायदे मोठे होते आणि हानी वाढवून सांगितली गेली, असा प्रतिवाद केला. दोघांचा बराचसा आधार सरकारी कागदांचाच. हा वाद मुळातून वाचा. वाचताना स्वतःला विचारा: मोजणीचा एकक कोणता? जिल्हा धरला तर बिघडलेली जमीन टक्क्या-दोन टक्क्यांत विरून जाऊ शकते. ओढ्याकाठचं एक शिवार धरलं तर तीच एखाद्या घराची सगळी जमीन असू शकते. दोन्ही आकडे बरोबर असतील. कुठला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे सांगण्याची जबाबदारी तुमची.

आणि पाचवं, गावात जा, पण ‘पर्यावरणीय परिणाम’ हा शब्द घरी ठेवून जा. विचारा, हे रान पूर्वी काय पिकवायचं? पांढरं कधीपासून फुटायला लागलं? पाणी कुठून येतं असं वाटतं? या रानात ओढा कुठे होता? ओढा ‘होता’, यातच अनेकदा उत्तर असतं. जमीन सपाट करताना, रस्ता काढताना, चार सऱ्या वाढवताना ओढे-नाले बुजलेले असतात. निचऱ्याची जुनी वाट नकाशावर राहते, शिवारात राहत नाही.

हा नुसता जुना इतिहास नाही

नीरेची गोष्ट पुढे दुसरीकडे पुन्हा घडली. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे, वाळवा, मिरज, शिरोळ भागात, उपसा सिंचन आणि सहकारी साखर कारखाने यांच्याबरोबर ऊस वाढला आणि क्षारपड जमिनीही वाढल्या. तिथल्या काही शेतकऱ्यांनी आता एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढायला सुरुवात केली आहे, आणि पडीक रानात पुन्हा पीक उभं राहिलेलं दिसतं. इथेही यश कशावर अवलंबून आहे? आपापलं रान सुधारण्यापेक्षा शेजारच्या सगळ्यांनी मिळून एक चर ओढ्यापर्यंत न्यायला तयार होण्यावर. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जी हद्दीची गाठ सुटली नव्हती, तीच आज सोडवावी लागते आहे. आणि चरातून बाहेर पडलेलं खारं पाणी शेवटी नदीला जातं, खालच्या गावांकडे. म्हणजे ‘पाणी गेलं कुठे’ हा प्रश्न तिथेही संपत नाही, फक्त एक गाव पुढे सरकतो.

कालव्याने दुष्काळी तालुक्यांत अन्न, रोजगार आणि पैसा आणला, हे तुमच्या प्रबंधात नि:संकोच लिहा. त्याचबरोबर हेही लिहा, की त्या पैशाचा एक भाग काहींच्या रानातल्या मिठाच्या रूपाने फेडला गेला, आणि फेडणारे बहुतेक वेळा तेच नव्हते ज्यांना तो मिळाला. हे दोन्ही एकाच पानावर, पुराव्यासह मांडता आलं तर तुमच्या शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्द पोकळ राहणार नाही.

आराखडा पाठवण्याआधी एवढं करा. तुमच्या अभ्यासक्षेत्राचा एक साधा नकाशा हाताने काढा. पाणी येण्याच्या वाटा निळ्या पेनाने, पाणी जाण्याच्या वाटा लाल पेनाने. निळ्या रेघा पटापट जमतील. लाल रेघ जिथे अडेल, तिथून वाचायला सुरुवात करा.